गायधनी सरांचे एकोणसाठ चाळीस

नाशिकला पळणाऱ्या माणसांची तशी कमतरता नाही. पहाटे गंगापूर रोडला उभं राहिलं, की निम्मं शहर कुणीतरी मागे लागल्यासारखं धावताना दिसतं, आणि काहींच्या मागे खरोखरच कुत्री लागलेली असतात. त्यातलाच एक घोळका म्हणजे 'साडेपाच रनर्स'. नाव साडेपाच असलं तरी मंडळी जमतात पावणेसहाला आणि पळायला लागतात सहाला, कारण मधली पंधरा मिनिटं गेल्या रविवारच्या पळण्याबद्दल बोलण्यात जातात. सभासद बेचाळीस. त्यातले वीस-बावीस रस्त्यावर पळतात, बाकीचे व्हॉट्सॲपवर.

या मंडळींत गंगाधर गायधनी सर वेगात खालून तिसरे आणि मानात वरून पहिले. वय एकसष्ट. तीस-बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पन्नाशीत साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. सरांनी त्याचा अर्थ पळायचं असा लावला, आणि डॉक्टरांनी पुढे त्यांना दुरुस्त केलं नाही. पळण्यात त्यांनी फार दिवे लावले असं नाही, पण क्लबची वही त्यांच्याकडे आली आणि तिथून त्यांचा दरारा सुरू झाला.

वही ठेवणं हे सरांच्या रक्तातच होतं. घराणं रामकुंडावरचं. आजोबांकडे यात्रेकरूंच्या वंशावळींच्या लांबलचक वह्या असायच्या. कुठल्या गावचा माणूस कधी आला, बापाचं नाव काय, आजाचं काय, सगळं त्यात. आजोबांनी जन्मात कुणाच्या घरचं एक नाव चुकवलं नाही, असं सर अभिमानाने सांगत. त्याच तोऱ्यात ते पळणाऱ्यांच्या वेळा लिहीत. कुणी कुरकुर केली, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "वहीत आलं म्हणजे आलं."

या वहीचं खरं महत्त्व डिसेंबरात कळायचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लबची 'बरोबरीची शर्यत' असते. सोमेश्वरपासून गंगापूर धरणाच्या दिशेने पाच किलोमीटर जायचं, वळायचं आणि परत यायचं. फक्त सगळ्यांनी एकदम सुटायचं नाही. सगळ्यात हळू पळणारा सगळ्यात आधी सुटतो आणि सगळ्यात वेगवान सगळ्यात शेवटी. कुणी किती वाजून किती सेकंदांनी सुटायचं ते सर ठरवतात, प्रत्येकाची वहीतली सगळ्यात चांगली वेळ बघून. गणित बरोबर असेल तर सत्तरीच्या अक्काबाई आणि पंचविशीतला मयूर ठोक साडेसातला खांद्याला खांदा लावून पोचायला हवेत. असं आजवर एकदाही घडलेलं नाही, पण सरांचा त्यावर विश्वास आहे. या तक्त्याला क्लबात 'पंचांग' म्हणतात.

पंचांग निघायच्या आधी पंधरा दिवस क्लबात रोगराई पसरते. कुणाचा गुडघा जातो, कुणाची टाच, कुणाला गेल्या वर्षीचा डेंग्यू आठवतो. कारण उघड आहे. आपण ढिले पडलो हे सरांना पटलं, तर मिनिटभर आधी सुटायला मिळतं. संतोष निमसे हा क्लबचा कॅप्टन, द्वारका चौकाजवळ त्याचं टायरचं दुकान. त्याने एका वर्षी मांडीला पट्टी बांधून तीन रविवार लंगडून दाखवलं आणि चौथ्या रविवारी चुकून दुसऱ्या मांडीला पट्टी बांधून आला. सर सगळ्यांचं ऐकून घेत, मान हलवत, आणि वहीत असेल तेच धरत.

या सोंगात सर स्वतः मात्र कधी पडले नाहीत. स्वतःच्या नावापुढे ते दरवर्षी एकोणसाठ मिनिटं चाळीस सेकंद लिहीत, सहा वाजून तीस मिनिटं वीस सेकंदांनी सुटत, आणि शेवटचे येत. थोडेथोडके नाही, चांगले चार-पाच मिनिटांनी शेवटचे. सगळा क्लब चहा घेऊन, फोटो काढून, कंटाळून बसलेला असायचा, तेव्हा सर वळणावर उगवायचे, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट व्हायचा की नवख्या माणसाला हेच जिंकले असं वाटावं.

शेवटून पहिल्याला बक्षीसही होतं. त्याने वर्षभर पाणी वाहायचं. दर रविवारी पहाटे पाचला लिंबू, मीठ आणि साखर घातलेल्या पाण्याचे तीन जार स्कूटरवरून न्यायचे, रस्त्यात तीन जागी ठेवायचे, आणि सगळे पळून घरी गेले की गोळा करून, धुऊन ठेवायचे. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत हे काम म्हणजे बोटांची परीक्षा. सर सलग तीन वर्षं हे करत होते. "सेवा आहे ही," असं ते म्हणत. त्यावर अनसूयाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणत, "सेवा तुमची आणि लिंबं पिळून हात माझे."

आता त्या एकोणसाठ चाळीसची गोष्ट सांगायला हवी, कारण सरांनी ती कधीच कुणाला नीट सांगितली नाही.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने याच रस्त्यावर दहा किलोमीटरची शर्यत भरवली होती. वळायच्या जागी एक नारिंगी शंकू ठेवला होता आणि त्याच्याजवळ एक स्वयंसेवक उभा होता. ऊन वर आलं तसा तो गडी झाडाच्या सावलीत सरकला, आणि आपली जबाबदारी ओळखून शंकूही सोबत घेऊन गेला. झाड तीनशे मीटर अलीकडे होतं. जाताना तीनशे आणि येताना तीनशे, अशी अख्खी शर्यत सहाशे मीटरने आखूड झाली आणि पळणाऱ्यांना वाटलं आपणच सुधारलो. साडेपाच रनर्सच्या बारा जणांनी त्या दिवशी आपापले विक्रम मोडले. सर एकोणसाठ चाळीसला आले. आयुष्यात पहिल्यांदा साठच्या आत.

वहीच्या शेवटी 'साठच्या आत' असं एक पान होतं. दहा किलोमीटर तासाच्या आत पळालेल्यांची नावं त्यावर. त्या रविवारी संध्याकाळी सरांनी त्या पानावर मोठ्या कौतुकाने दोन नवी नावं लिहिली. एक स्वतःचं आणि दुसरं हर्षाली गांगुर्डेचं, एकोणसाठ पन्नास.

पण सर गणिताचे मास्तर. रात्रभर त्यांना काही चैन पडेना. सोमवारी सायकल घेऊन ते रस्ता मोजायला गेले. नऊ पूर्णांक चार. पुन्हा मोजला, तरी नऊ पूर्णांक चार. घरी येऊन त्यांनी लाल पेन काढलं आणि एकेकाची वेळ खोडायला घेतली. मयूरची खोडली, संतोषची खोडली, हर्षालीची तर दोन पानांवरून खोडली. अकरा जणांचं झालं आणि बाराव्या नावापाशी पेन थांबलं.

आपण नक्की शंकूपाशीच वळलो का, असं सरांच्या मनात आलं. हा रस्ता आपल्याला पाठ. पाचव्या किलोमीटरचा खांब कुठे आहे ते झोपेतही सांगू. सवयीने आपण खांबापर्यंत गेलो असणार. दुपारी जेवताना हे 'बहुतेक' होतं, चहापर्यंत त्यांची खात्री पटली, आणि संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, की रस्ता आखूड असल्याने सर्वांच्या वेळा रद्द करण्यात येत आहेत, मी स्वतः मात्र खांबापर्यंत जाऊन वळलो असल्याने माझी ग्राह्य धरली आहे. खाली एक्केचाळीस जणांनी अंगठे दाखवले. सरांना त्या अंगठ्यांचं बरं वाटलं.

खोडलेल्यांत सगळ्यात कमी बोलली ती हर्षाली. वय चौतीस, माहेर नांदगावकडचं, सासर आडगावला. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये ती द्राक्षांच्या प्रतवारीवर देखरेख करायची. 'साठच्या आत'च्या पानाचा फोटो काढून तिने रविवारीच आईला पाठवला होता. सरांनी खोडल्याचं सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "चुकलं असंल तर खोडाच सर." आणि मग पळत राहिली. एकसष्ट चाळीस. साठ एकतीस. साठ बारा. साठ पाच. दर खेपेला काही सेकंदांनी ते पान तिच्या हातातून निसटायचं, आणि दर खेपेला सर तिला म्हणायचे, "बघ, खोडलं म्हणून सुधारलीस."

यंदा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पळून झाल्यावर चहाच्या टपरीपाशी ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, या खेपेला तुम्ही माझ्यासंगं पळा."

"म्हणजे?"

"पेस द्या मला. बाजूला माणूस पाहिजे, घड्याळ बघणारा. मी एकटी पळते तं कधी लय जोरात जाते, कधी ढिली पडते. जानेवारीत द्राक्षं चालू झाली की मला मे पावतर रविवार नाय. हा एकच हाय."

 भोवती एकदम शांतता झाली. मयूर बुटाची नाडी सोडून परत बांधू लागला. संतोष चहाच्या ग्लासात असा डोकावला की जणू त्यात काही पडलं होतं. सरांना वाटलं, ही आपल्याबद्दलची आदरयुक्त शांतता आहे.

"पण पंचांगात तसं बसत नाही," सर म्हणाले. "तू आधी सुटतेस, मी नंतर."

"पंचवीस सेकंदांचा तं फरक. मी बघितलं वहीत."

"कॅप्टन म्हणून माझी परवानगी आहे सर," संतोष ग्लासातून वर न बघता म्हणाला.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते सरांच्या जिभेवर आलंही होतं. पण समोर वीस माणसं, हातात वही, आणि ही पोरगी आपल्याकडे मोठ्या आशेने बघतेय. त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते भलतंच.

"ठीक आहे. पण माझी एक अट आहे. तू घड्याळ घालायचं नाही. घड्याळ बघत पळणारा माणूस श्वास विसरतो. वेळेचं सगळं माझ्यावर सोड."

हे वाक्य त्यांनी आदल्याच आठवड्यात मोबाइलवर ऐकलं होतं. म्हणताना मात्र ते चाळीस वर्षांच्या अनुभवातून आल्यासारखं वाटलं.

पुढचे तीन आठवडे सरांनी जे केलं ते एकसष्टाव्या वर्षी शोभणारं नव्हतं. बिटाचा रस प्यायला सुरुवात केली. भर दुपारी, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मखमलाबादच्या बाजूला जाऊन ते एकटेच पळू लागले. नवे, हलके बूट आणले आणि ते नवे दिसू नयेत म्हणून मातीत घोळले. एवढं करून बुधवारी दहा किलोमीटर पळून पाहिले तर वेळ आली चौसष्ट मिनिटं पन्नास सेकंद. बिटाने फक्त नको तिथे रंग बदलला होता.

शुक्रवारी त्यांचा उजवा गुडघा खरोखर दुखू लागला. पण क्लबात इतकी वर्षं इतके गुडघे खोटे दुखले होते, की आपल्या गुडघ्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

"अहो, त्या मुलीला सांगून टाका," शनिवारी रात्री ताट वाढताना अनसूयाबाई म्हणाल्या.

"काय सांगून टाकू?"

"जे मला तीन वर्षं सांगत नाही आहात ते."

सरांनी ताट पुढे ओढलं. भात जास्त घेतला, कारण शर्यतीच्या आदल्या रात्री घ्यायचा असतो.

रविवारी सोमेश्वरला कडाक्याची थंडी होती. अक्काबाई कानाला मफलर बांधून सहा वाजून पाचलाच निघून गेल्या होत्या. त्यांच्या मागोमाग दोघे-तिघे सुटत होते, आणि एका टोकाला मयूर हात चोळत आपल्या सहा सेहेचाळीसची वाट बघत होता. सहा वाजून एकोणतीस मिनिटं पंचावन्न सेकंदांनी संतोषने हात खाली केला आणि सर आणि हर्षाली निघाले. तासाच्या आत यायचं तर किलोमीटरला सहा मिनिटांहून किंचित कमी लागणार. हे गणित सरांना स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं.

पहिला किलोमीटर पाच अठ्ठेचाळीस. हा घाबरटपणाचा वेग होता, पण सरांना तो जवानीचा वाटला. दुसरा पाच छप्पन्न, तिसरा पाच एकोणसाठ. सर दर किलोमीटरला मोठ्याने वेळ सांगत, आणि हर्षाली नुसती मान हलवे. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव होते. त्यांच्याकडे बघत ती एकदा म्हणाली, "यांचा माल फेब्रुवारीत येनार," आणि पुन्हा गप्प झाली. तिचा श्वास ऐकूही येत नव्हता. सरांचा श्वास मात्र मांडवापलीकडच्या कुत्र्यांना ऐकू जात असावा, कारण ती उठून उभी राहत होती.

खांबापाशी वळले तेव्हा एकोणतीस अठ्ठेचाळीस झाले होते. अजून बारा सेकंद हातात. सरांना वाटलं, कदाचित. माणसाचं शरीर कधीकधी चमत्कार करतं असं ऐकलंय, तो आज व्हायला हरकत नाही.

सहाव्या किलोमीटरला घड्याळात सहा दहा दिसलं.

"पाच अठ्ठावन्न," सर म्हणाले.

का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही. पुढच्या किलोमीटरला भरून काढू, मग हे खोटं ठरणार नाही, असं काहीसं डोक्यात होतं. कर्ज काढणाऱ्यालाही असंच वाटतं. पण पाय आता त्यांचे राहिले नव्हते. हर्षाली त्यांच्या खांद्याला खांदा लावून, त्यांच्याच वेगाने, म्हणजे दर पावलाला ढिली पडत, विश्वासाने पळत होती. तिच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वण तेवढा होता. तो बघून सरांना पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. तीन वर्षांत वाटली नव्हती इतकी.

सातव्या किलोमीटरला सहा अठरा.

"किती सर?" हर्षालीने विचारलं.

"हर्षाली, ऐक." सरांना एका श्वासात दोनच शब्द जमत होते. "सहा अठरा."

"काय?"

"हा सहा अठरा. मागचा सहा दहा. मी खोटं सांगितलं. सोळा सेकंद मागे आहोत. तू जा. मला नाही जमणार." त्यांनी हवेत हात मारल्यासारखा श्वास घेतला. "मला कधीच नाही जमलेलं. तेव्हाही. मी शंकूपाशीच वळलो होतो."

हर्षालीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते माहितीये सर. सगळ्यांना माहितीये. हे सोळा सेकंदांचं नव्हतं माहिती."

आणि ती गेली. अशी गेली की सरांना दोन-चार पावलं वाटलं आपण थांबलोच आहोत. तिची पाठ मांडवांच्या कडेने लहान होत गेली.

सगळ्यांना माहितीये. सर ते दोन शब्द घेऊन उरलेला रस्ता तुडवत राहिले. एक्केचाळीस अंगठे आठवले. टपरीवरची ती शांतता आठवली. आठव्या किलोमीटरनंतर मागून मयूर वाऱ्यासारखा आला आणि दरवर्षीप्रमाणे ओरडला, "चला सर, भारी!"

"मयूर," सर धापा टाकत म्हणाले, "तू त्या दिवशी माझ्याबरोबरच वळलास ना रे? शंकूला?"

मयूर एक क्षण अडखळला. "सर, आता बोलू नका. दम लागेल," असं म्हणून तो पुढे पळाला. पळून जाण्याइतका वेग असण्याचा फायदा सरांना तेव्हा कळला.

सात वाजून चौतीस मिनिटं बावीस सेकंदांनी सर पोचले. चौसष्ट सत्तावीस. टाळ्यांचा कडकडाट झाला. संतोषने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. "या सर, या! यंदाही पाण्याची सेवा आपल्याचकडे!"

सगळे हसले. सरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तीन वर्षं ते या टाळ्या घेत होते. आज त्यांना उमगलं, की या माणसांना त्यांच्या खोट्याने राग कधी आलाच नव्हता. उलट त्यांची सोय झाली होती. सर खोट्या वेळेवर उशिरा सुटत, हमखास शेवटचे येत, आणि बाकी एकविसांना पहाटे पाचला कुडकुडत जार ठेवायची भीती राहत नसे. वही ठेवणारा माणूस म्हणून आपण क्लबला हवे होतो असं त्यांना वाटायचं. खरं तर क्लबला पाणक्या हवा होता आणि तो आपल्या पायांनी चालून आला होता.

हर्षाली पारावर बसून होती. कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या बसण्यावरून कळत होतं.

"साठ आठ," संतोष हळूच म्हणाला. "शेवटचे तीन काय पळाली सर ही! आठ सेकंदांनी गेलं."

सरांनी डोक्यात वजाबाकी केली. सोळा सेकंद वाया गेले नसते तर एकोणसाठ बावन्न. त्यांनी वही मागवली आणि तिथेच, शाल अंगावर असताना, सगळ्यांसमोर उभे राहिले.

"मंडळी, तीन वर्षांपूर्वीची माझी वेळ खोटी आहे. मी खांबापर्यंत गेलो नव्हतो. ती मी आज रद्द करतो. पुढच्या वर्षी माझी वेळ चौसष्ट सत्तावीस धरून पंचांग होईल."

सरांची अपेक्षा होती की लोक चिडतील, निदान कुणी तोंडावर हसेल. तसलं काही झालं नाही. सगळे मनातल्या मनात हिशेब करू लागले. सर वेळेवर आले, तर शेवटचा कोण? आज सरांच्या आधी, सात एकतीस चाळीसला कोण आलं होतं? हळूहळू सगळ्यांच्या नजरा संतोषकडे वळल्या.

"सर, असं कसं?" संतोष घाईघाईने म्हणाला. "तुम्ही खांबापर्यंत गेला होता. मी या डोळ्यांनी बघितलं."

"संतोष, तू माझ्या पुढे होतास."

"मागं वळून बघितलं ना सर!"

"जुनं कशाला उकरता हो," अक्काबाई मफलर सोडत म्हणाल्या. "आणि पाणी किती छान करता तुम्ही. लिंबू अगदी बेताचं."

"घड्याळं चुकतात सर. सायकलीचे मीटर तर हमखास चुकतात," मयूर म्हणाला. "आमचा तुमच्यावर विश्वास आहे." त्यावर चार-पाच जणांनी जोरजोरात माना डोलावल्या. आयुष्यात पहिल्यांदा सर खरं बोलून उभे होते आणि वीस माणसं त्यांची समजूत घालत होती की तुम्ही खोटे नाही.

"खोडा सर," पारावरून आवाज आला.

सर वही घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले. लाल पेनाने त्यांनी 'साठच्या आत'मधलं आपलं नाव खोडलं. खोडताना वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. दुखलं ते त्याच्याखालचं, तीन वर्षांपूर्वी खोडलेलं नाव बघून.

"माझ्यामुळे गेलं तुझं," ते म्हणाले. "तुला माहीत होतं मला जमणार नाही, तर मला का घेतलंस बरोबर?"

हर्षाली बुटांच्या नाड्या सोडत होती. ती थांबली.

"पळायला तुम्ही कमी पडणार हे ठावं होतं, सर. सातव्या-आठव्याला तुम्ही मागं राहाल आन मी पुढं जाईल, असं धरूनच चालले होते मी. पर वेळ तुम्ही खरी सांगाल असं वाटलं. आपलं सोडून दुसऱ्या कुणाची वेळ तुम्ही कधी चुकीची लिहिली नाय. म्हनून तं घड्याळ काढून ठिवलं."

 सरांचे डोळे भरून आले ते थंडीने असं म्हणण्याइतकी थंडी आता उरली नव्हती. त्यांनी आजच्या तारखेचं पान उघडलं. हर्षाली गांगुर्डे, साठ आठ. मग खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे आकडा घातला: चौसष्ट त्रेचाळीस. लिहिल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. कुणाला न सांगता केलेलं प्रायश्चित्त, असा एक थोर विचारही मनात येऊन गेला.

हर्षालीने मान तिरकी करून पान वाचलं.

"त्रेचाळीस कुठून आले? संतोषभाऊंच्या मोबाइलवर तं सत्तावीस हायेत."

"तुझे सोळा सेकंद," सर खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्या नावावर घेतले."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, वर्गात तेच गणित चौथ्यांदा चुकवणाऱ्या मुलाकडे सर स्वतः बघत, तशी.

"सर," ती म्हणाली, "परत खोटं?"

सरांनी त्रेचाळीस खोडले आणि शेजारी सत्तावीस लिहिले.